सूर्यावरील डाग काळे का दिसतात? : एका प्रश्नाचा इतिहास



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी शिकलो आणि पुढे ज्या शाळेच्या फळ्यासमोर चौतीस वर्षे उभा राहिलो, त्याच शाळेने आज मला सरांच्या स्मृत्यर्थ बोलण्यासाठी पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. तथापि या व्यासपीठावर मी केवळ कृतज्ञता व्यक्त करावयास आलेलो नाही. मला एक जुने देणे फेडावयाचे आहे, आणि ते फेडताना सुमारे चारशे वर्षांचा एक इतिहास आपणांपुढे मांडावयाचा आहे.

१९६८ च्या हिवाळ्यात आम्ही नववीत होतो. सरांनी शाळेच्या गच्चीवर एक लहानशी दुर्बीण मांडली आणि तिच्यातून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली. दुर्बिणीतून अथवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे कोणी पाहावयाचे नाही, अशी सक्त ताकीद त्यांनी आधीच दिली होती. पुठ्ठ्यावरील त्या थाळीएवढ्या प्रकाशमंडळात चार-पाच काळे ठिपके दिसत होते. त्यांच्या जागा आम्ही वहीत टिपल्या आणि मी खाली लिहिले, ‘सूर्यावर काळे डाग आहेत.’ सरांनी लाल शाईने ‘आहेत’ हा शब्द खोडला आणि वर लिहिले, ‘दिसतात’. एवढ्या एका दुरुस्तीत किती अर्थ भरलेला आहे, हे त्या वयात मला उमगले नाही. खेदाची गोष्ट अशी की पुढे शिक्षक झाल्यावरही ते मला पुष्कळ वर्षे उमगले नाही.

१९८१ साली मी याच शाळेत शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, डागाचे तापमान चार हजार अंश असते असे तुम्ही सांगितलेत. लोहाराच्या भट्टीतले लोखंड हजार अंशांनाच लालभडक होते. मग चार हजार अंशांची वस्तू काळी कशी?” मी उत्तर दिले, “तो थंड असतो म्हणून काळा. परीक्षेत एवढेच लिही.” मुलगा खाली बसला. त्याचा प्रश्न मात्र उभाच राहिला. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे विलंबाने दिलेले उत्तर आहे.

उज्जयिनी ते रोम

सूर्यबिंबावर कधीकधी काही काळसर दिसते, ही गोष्ट दुर्बिणीच्या शोधापूर्वीही माणसाला ठाऊक होती. सूर्य क्षितिजाजवळ असताना, धुक्यातून अथवा धुळीतून त्याचे तेज मंदावले म्हणजे, मोठा डाग नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो. चीनमधील इतिवृत्तांत इसवी सनापूर्वी २८ या वर्षीची अशी नोंद आढळते. आपल्या इंदुरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या उज्जयिनीचे नाव ज्याच्याशी जोडले गेले, त्या वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेतील आदित्यचाराच्या अध्यायात ‘तामसकीलक’ नावाच्या तेहतीस केतूंचा उल्लेख आहे. ते राहूचे पुत्र असून सूर्यमंडळात दिसतात व अशुभ सुचवितात, असे तेथे म्हटले आहे. हे वर्णन सौरडागांचेच असावे असे काही अभ्यासक मानतात. ते तसे असेल तर आपल्याकडे प्रथम विचारला गेलेला प्रश्न ‘हे काळे का?’ असा नव्हता. ‘याचे फळ काय?’ असा होता.

युरोपातही स्थिती फार निराळी नव्हती. आकाशस्थ गोल निर्दोष व अविकारी आहेत, या ॲरिस्टॉटलच्या मताचा पगडा इतका होता की सूर्यावर डाग असू शकतो हा विचारच मनाला शिवत नसे. १६०७ साली केप्लरने छिद्रातून पाडलेल्या सूर्यप्रतिमेवर एक काळा ठिपका पाहिला आणि तो बुध ग्रह असल्याचे जाहीर केले. आपण डाग पाहिला होता, हे त्याने पुढे मान्य केले. १६११ साली योहान फाब्रिसियस याने या डागांवरील पहिली पुस्तिका छापली. त्यानंतर लवकरच शायनर या जेझुइट पंडिताने टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध करून असे प्रतिपादिले की हे डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान ग्रह असून आपणांस त्यांची काळी बाजू दिसते. सूर्य निष्कलंक राहावा म्हणून कलंक त्याच्याबाहेर ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

गॅलिलिओने १६१२ साली लिहिलेल्या आणि १६१३ साली रोममध्ये छापलेल्या पत्रांतून याला उत्तर दिले. सूर्याच्या कडेजवळ येताना डाग अरुंद होतात आणि त्यांची गतीही मंद भासते. म्हणून ते सूर्यपृष्ठावर अथवा त्याला अगदी लगटून असले पाहिजेत, हे त्याने भूमितीने दाखविले. हा भाग पाठ्यपुस्तकांत असतो. त्याच पत्रांतील दुसरा एक विचार मात्र सहसा सांगितला जात नाही. शुक्रासारखा तेजस्वी ग्रहही सूर्याजवळ गेला की त्याच्या झगमगाटात दिसेनासा होतो. मग सूर्याच्या ऐन अंगावर असलेला डाग जो काळेपणा दाखवितो, त्यावरून तो स्वतः निस्तेज आहे असे कसे म्हणावे? गॅलिलिओचा निष्कर्ष असा होता की हे डाग चंद्राच्या सर्वांत उजळ भागाहूनही कमी तेजस्वी नाहीत.

सरांच्या लाल शाईतील ‘दिसतात’ हा शब्द असा १६१२ सालचा आहे.

छिद्रातून दिसणारी जमीन

उत्तराचा अर्धा भाग हाती आला असूनही पुढील दोनशे वर्षे विद्वानांची वाट चुकत राहिली. १७६९ साली ग्लासगो येथील अलेक्झांडर विल्सन याने एका मोठ्या डागाचे निरीक्षण केले. प्रत्येक मोठ्या डागात मध्यभागी गडद प्रच्छाया आणि तिच्याभोवती फिकट उपच्छाया असते. डाग सूर्याच्या कडेकडे सरकू लागला तेव्हा उपच्छायेची सूर्यमध्याकडील बाजू आधी अरुंद झाली. खोलगट बशी तिरपी धरली म्हणजे जवळची उतरण दिसेनाशी होते, तसा हा प्रकार होता. त्यावरून डाग म्हणजे खळगे आहेत असे विल्सनने अनुमानिले.

निरीक्षण अचूक होते. त्यावर उभारलेली कल्पना मात्र विलक्षण निघाली. युरेनसचा शोध लावणारा थोर ज्योतिर्विद विल्यम हर्शेल याने १७९५ साली असे मांडले की सूर्याचा मूळ पिंड थंड, घन आणि काळा असून त्याच्यावर तेजस्वी ढगांचे आवरण आहे. आवरणाला भोक पडले की आतील काळी भूमी दिसते, तोच डाग. त्या भूमीवर वस्तीही असेल, असे त्याला वाटत होते. आज आपण हसतो. पण हर्शेलची चूक आणि माझी १९८१ सालची चूक एकाच जातीची होती. जे काळे दिसले ते काळेच आहे, असे दोघांनीही गृहीत धरले. पुढे १८५९ नंतर किर्खोफच्या वर्णपटविषयक संशोधनाने सूर्याचा पिंड अतितप्त असल्याचे सिद्ध झाले आणि सूर्यावरील ती वस्ती उठली.

उष्णतेचे मोजमाप

तत्पूर्वीच अमेरिकेत प्रिन्स्टन येथे जोसेफ हेन्री याने १८४५ साली एक साधा पण मूलगामी प्रयोग केला होता. आमच्या सरांनी पुठ्ठ्यावर पाडली तशीच सूर्याची प्रतिमा त्याने दुर्बिणीने पडद्यावर पाडली. त्या प्रतिमेतील डागाच्या जागी व शेजारील उजळ जागी त्याने उष्णता मोजणारे सूक्ष्म विद्युत् उपकरण आळीपाळीने धरले. डागाकडून येणारी उष्णता कमी भरली. ती शून्य नव्हती, फक्त कमी होती. डाग सभोवतालापेक्षा थंड आहे, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा.

थंड म्हणजे किती आणि काळा म्हणजे किती, हे सांगण्यासाठी नियम हवा होता. तो १८७९ साली स्टेफानने दिला. तप्त वस्तूतून बाहेर पडणारी ऊर्जा तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते, असा तो नियम. माझ्या विद्यार्थी मित्रांनी हे गणित येथे बसल्या बसल्या करावे. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग, ज्याला आपण दीप्तिगोल म्हणतो, त्याचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे. मोठ्या डागाच्या प्रच्छायेचे सुमारे ४,००० धरू. गुणोत्तर ०.६९ आले. त्याचा वर्ग ०.४८ आणि त्याचा पुन्हा वर्ग ०.२३. म्हणजे तापमान तिसऱ्या हिश्शानेही घटलेले नाही, पण ऊर्जा चतुर्थांशाहून खाली आली. शिवाय थंड वस्तूचा प्रकाश तांबड्याकडे व त्याही पलीकडे झुकतो. त्यामुळे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापुरते पाहिले तर घट याहूनही मोठी असते. हा प्रकाश एक-सप्तमांश अथवा एक-अष्टमांश उरतो. एवढा फरक शेजारी शेजारी ठेवला आणि सूर्याचे तेज सोसण्यासाठी काच पुरेशी गडद केली, की डाग काळा दिसणारच.

आता तोच डाग सूर्यापासून अलग करून रात्रीच्या आकाशात ठेवला, अशी कल्पना करा. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. सूर्यबिंबाचा हजारावा भाग व्यापणारा डाग घ्या आणि त्याचा प्रकाश एक-अष्टमांश धरा. उत्तर येते पन्नास. ज्याला आपण काळा म्हणतो तो एकटा डाग पन्नास पौर्णिमांइतके चांदणे पाडील. गॅलिलिओने तर्काने जे सांगितले, त्याला हा आकड्यांचा दुजोरा.

काळोखाच्या आत पाहणारे

येथवर ‘काळा का?’ याचे उत्तर झाले. त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. चोहोबाजूंनी ५,८०० अंशांचा वणवा असताना मधला प्रदेश दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे, थंड राहतो कसा? शेजारची उष्णता त्यात शिरून तो काही तासांत नाहीसा व्हावयास हवा.

याचा मागोवा डागाच्याच मंद प्रकाशात सापडला. अमेरिकेतील माउंट विल्सन येथे जॉर्ज एलरी हेल आणि त्याचे सहकारी डागांचा वर्णपट तपासू लागले, तेव्हा त्यांना तेथे टायटॅनियम ऑक्साइडसारख्या रेणूंच्या खुणा आढळल्या. सूर्याच्या इतर पृष्ठावर असे रेणू उष्णतेने विघटित होतात. डाग थंड असल्याची ही स्वतंत्र साक्ष होती. पुढे १९९५ साली डागांच्या अवरक्त वर्णपटात चक्क पाण्याच्या वाफेचे रेणू ओळखले गेले. सूर्यावर पाणी! हर्शेल असता तर हरखून गेला असता.

हेलचा मोठा शोध १९०८ सालचा. डच शास्त्रज्ञ झेमान याने १८९६ साली प्रयोगशाळेत दाखविले होते की प्रकाशाचा उगम प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवला असता वर्णपटातील रेषा दुभंगतात. डागांच्या वर्णपटात तशाच दुभंगलेल्या रेषा हेलला दिसल्या. डाग म्हणजे प्रचंड चुंबक निघाला. त्याचे क्षेत्र सुमारे ३,००० गाउस भरते. आपल्या होकायंत्राची सुई फिरविणारे पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गाउस असते.

हा इतिहास येथे भारतात येतो. डाग म्हणजे भोवरे असावेत, असे हेलला वाटत होते. तमिळनाडूतील पळणीच्या डोंगरांवरील कोडाईकनाल वेधशाळेत जॉन एव्हरशेड याने जानेवारी १९०९ मध्ये हे भोवरे शोधण्यासाठी वर्णपट घेतले. वायू गरगर फिरताना दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात तो उपच्छायेतून सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने बाहेरच्या दिशेने सरळ वाहताना आढळला. एव्हरशेडने अपेक्षेप्रमाणे उत्तर मिळविण्याचा हट्ट धरला नाही. जे दिसले तेच लिहिले. आज जगभर तो प्रवाह ‘एव्हरशेड परिणाम’ या नावाने ओळखला जातो.

त्या वेधशाळेशी आपल्या मराठी मुलखाचा धागा जुळलेला आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीच्या साहाय्याने त्यांच्याच नावाची वेधशाळा उभारली होती. १८९८ च्या जानेवारीतील खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूरकडील जेऊर येथून घेतले. १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण व अन्य साहित्य कोडाईकनालला गेले. ज्या संस्थेमागे एकच माणूस उभा असतो, ती त्याच्या निवृत्तीबरोबर मिटते. शाळा चालविणाऱ्या आपणा सर्वांना या घटनेत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

अडविलेले आधण

चुंबकत्व आणि थंडपणा यांची सांगड १९४१ साली जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बियरमान याने घातली. चुलीवर आधण ठेवले असता तळचे तापलेले पाणी वर येते, वरचे निवालेले खाली जाते आणि पातेले खदखदते. यालाच आपण अभिसरण म्हणतो. सूर्याच्या बाहेरील सुमारे दोन लाख किलोमीटर जाडीच्या थरात उष्णता याच रीतीने वर येते. दुर्बिणीतून सूर्यपृष्ठ दाणेदार दिसते. त्यातील हजार-हजार किलोमीटरांचा एकेक दाणा म्हणजे या आधणाचा एकेक बुडबुडाच होय. हा वायू विद्युद्भारित असल्याने प्रबळ चुंबकीय रेषा ओलांडून त्याला मुक्तपणे हलता येत नाही. जेथे क्षेत्र प्रबळ, तेथे खदखद मंदावते. पुरवठा तुटतो, पृष्ठभाग मात्र प्रकाश बाहेर टाकीतच राहतो, आणि म्हणून तो निवतो. अभिसरण पूर्ण थांबत नाही, फक्त कुंठित होते. म्हणूनच डाग विझत नाही, ४,००० अंशांवर तग धरतो.

याच विचारातून विल्सनच्या खळग्याचाही उलगडा झाला. डागाच्या आत चुंबकीय क्षेत्राचाच दाब असल्याने तेवढा वायूचा दाब कमी पुरतो. वायू विरळ व थंड, म्हणून अधिक पारदर्शक. आणि आपली दृष्टी तेथे काही शे किलोमीटर अधिक खोल जाते. विल्सनने खळगा बरोबर पाहिला होता. खळग्याच्या तळाशी काळी जमीन मात्र नव्हती.

अडविलेली उष्णता जाते कोठे? डागाभोवती ती झगझगीत कडे करून साचत नाही. खालच्या अफाट थरात ती पसरून जाते. १९८० मध्ये उपग्रहावरील उपकरणांनी दाखविले की मोठा डागसमूह सूर्यबिंबावरून जात असता पृथ्वीला मिळणारी एकूण सौरऊर्जा खरोखरच किंचित घटते. तरीही सुमारे अकरा वर्षांच्या सौरचक्रात डाग सर्वाधिक असतात, त्या काळात सूर्य एकंदरीने सुमारे एक सहस्रांश अधिक तेजस्वी असतो. कारण डागांच्या जोडीने लहान लहान चुंबकीय उजळ ठिपकेही वाढतात आणि डागांनी घडविलेली तूट भरून काढून वर काही शिल्लक टाकतात.

देणे

ज्या विद्यार्थ्याला मी १९८१ मध्ये खाली बसविले, तो पुढे धातुशास्त्र शिकला आणि पोलाद वितळविण्याच्या भट्टीवर अभियंता झाला. बऱ्याच वर्षांनी तो दिवाळीत मला भेटावयास आला. बोलता बोलता म्हणाला, “सर, माझ्या प्रश्नाचे उत्तर मला भट्टीवर मिळाले.” भट्टीचे तापमान लांबून मोजण्याचे एक उपकरण असते. त्यात डोळा आणि भट्टी यांच्या मध्ये विजेच्या दिव्यातली बारीक तार असते. तार भट्टीहून अधिक तापलेली असेल तर ती उजळ दिसते. दोन्ही समान असतील तर ती भट्टीच्या प्रकाशात विरून जाते. “आणि कमी तापलेली असली, सर, तर ती काळी दिसते. जळत असते, प्रकाशत असते, तरी काळी दिसते.”

मी त्याला म्हणालो, “त्या दिवशी वर्गात तुझा प्रश्न बरोबर होता. माझे उत्तर अपुरे होते.” त्याने मला वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराने मी जितका ओशाळलो, तितका कोणत्याही टीकेने ओशाळलो नसतो.

६ जून २०१२ रोजी, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, शुक्राचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण झाले. शाळेला सुट्टी होती, तरी वीस-पंचवीस मुले सकाळी गच्चीवर जमली. ढगांच्या फटीतून पुठ्ठ्यावर प्रतिमा पडली. एकीकडे शुक्राची वाटोळी, खरोखरीची काळी चकती होती, आणि त्याच बिंबावर सूर्याचे डाग होते. मुलांना काही सांगावे लागले नाही. एक मुलगी म्हणाली, “सर, डाग तर काळे नाहीतच. शुक्र काळा आहे.” शायनरने ज्यांना ग्रह म्हटले ते डाग आणि खरा ग्रह, दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर होते, आणि चारशे वर्षांचा वाद तिने एका वाक्यात निकालात काढला. मी तिला तिचे ते वाक्य वहीत, तिच्याच शब्दांत लिहून ठेवावयास सांगितले.

आज आपल्या देशाचे ‘आदित्य-एल १’ हे यान, जे २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडण्यात आले, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवरून सूर्याकडे पाहत आहे. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने सिद्ध केली. नायगामवालांची वेधशाळा ज्या शहरात बंद पडली, त्याच शहराने शंभर वर्षांनी सूर्याकडे पुन्हा डोळा लावला आहे. डाग नेमके कोठे व केव्हा उमटतील, हे आगाऊ सांगणे अद्यापही शक्य झालेले नाही. त्या कामासाठी लागणारी मुले आज या सभागृहात मागच्या रांगांत बसलेली असतील.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे की त्यांपैकी कोणी प्रश्न विचारला आणि आपले उत्तर अपुरे वाटले, तर त्याला खाली बसवू नका. ‘उद्या शोधून सांगतो’ असे म्हणा. ज्या वहीवर सरांनी लाल शाईने दुरुस्ती केली होती, ती मी जपून ठेवली आहे. आज ती मी शाळेच्या प्रयोगशाळेच्या स्वाधीन करतो. तिच्यातील त्या एका शब्दाचा अर्थ समजण्यास मला आयुष्य लागले. आपल्या मुलांना तो एका तासात समजावा, अशी सरांच्या स्मृतीला वंदन करून प्रार्थना करतो.